आमच्या साडूंची बंद फटफटी

भिण्याच्या बाबतीत आमच्या साडूंचा हात धरील असा माणूस अमरावतीपासून अकोल्यापर्यंत त्या काळी नव्हता, आणि पुढेही झाला असेल असं मला वाटत नाही. पुष्कळ माणसं एखाददुसऱ्या गोष्टीला भितात. कोणी सापाला, कोणी साहेबाला, कोणी घरातल्या बाईला. आमचे साडू असा भेदभाव करत नसत. ते सापाला भीत, तसेच दोरीलाही भीत, कारण दोरीला साप समजून माणूस पळतो आणि पळताना पडतो. प्यायचं पाणी उकळून गार झालं, की मधल्या वेळात त्यात काही पडलं असेल म्हणून ते पुन्हा उकळायला लावत. त्यामुळे त्यांच्या घरी गार पाणी असं कधी मिळालंच नाही. तार आली तर ती स्वतः न फोडता शेजारच्या वैद्यांकडे पाठवत आणि वैद्य हसत बाहेर आले तरच आपला चष्मा शोधायला लागत. ऐन थंडीत, निरभ्र आभाळाखाली ते छत्री उघडून चालत. मी एकदा कारण विचारलं, तर वर न पाहता म्हणाले, "मास्तर, चिंचेवर वांदरं असतात."

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, ते यजमान. मी पातूरच्या शाळेत मास्तर म्हणून आलो तेव्हा ते तिथेच सडकेचे ओव्हरसियर होते. आमचं वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेलं. हुकूम नागपुराहून निघायचे आणि खडी पातूरला पडायची. अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या सडकेचा एक मोठा तुकडा साडूंच्या ताब्यात होता. त्यावरच्या नाल्यांवर त्यांनी तीन पूल स्वतःच्या देखरेखीखाली बांधले होते, आणि ते इतके भक्कम होते की हत्तींचा कळप नेला असता तरी हलले नसते. पण दमणीत बसून जाताना पूल आला की साडू खाली उतरत, बैलांना पुढे जाऊ देत आणि मग कठड्याला हात लावत लावत पायी पलीकडे जात. मी म्हटलं, "भाऊसाहेब, हा तर तुमच्याच हातचा." त्यावर ते म्हणाले, "म्हणूनच तं उतरतो. दुसऱ्याच्या हातचा असता तं भरोसा ठेवला असता."

अशा माणसाकडे अख्ख्या तालुक्यातली एकुलती एक फटफटी होती. ती त्यांनी घेतली नव्हती. त्यांच्यावर कोसळली होती. सडकखात्याचा एक गोरा साहेब विलायतेला कायमचा परत निघाला, तेव्हा निरोपाला सगळे हाताखालचे लोक रांगेनं उभे होते. साहेबाची फटफटी पहिल्या लढाईत चिखल तुडवून आलेली, रंग उडालेली, टाकीला पोचे पडलेली होती. जाताजाता साहेबाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं साडूंच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, ही तुला हवी का? साडूंना फटफटीची भीती वाटत होती, पण साहेबाला नाही म्हणण्याची भीती तिच्याहून चार बोटं मोठी निघाली. ते "यस सर" म्हणाले. बरं, साहेब गेला तर गेला. नव्या साहेबापर्यंतही ही बातमी पोचली आणि त्यानं लेखी हुकूम काढला की ओव्हरसियरनं यापुढे सडकेची तपासणी फटफटीवरून करावी. त्या दिवसापासून साडूंनी दोन गोष्टी केल्या. गळ्यात एक पितळी ताईत बांधला, आणि फटफटी सुरू होत नाही असं जाहीर केलं.

ती खरोखरच सुरू होत नसे. दर रविवारी सकाळी अंगणात जुनं धोतर अंथरून साडू तिचे अवयव सोडवायला बसत, आणि सगळी आळी भोवती जमत असे. पोस्टमास्तरांच्या मते तिच्यात वारा भरला होता. वैद्य म्हणत, तेल चढत नाही, कफ झाला आहे. एका भटजींनी तिची कुंडली मांडता येईल का अशी चौकशी केली होती. साडू प्रत्येकाचं ऐकून घेत, नळी उघडत, फुंकत, पुसत, स्क्रू काढून ओळीनं मांडत, आणि बारा वाजले की सगळं जिथल्या तिथे बसवून एक किक मारत. गाडी हूं की चूं करत नसे. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरे की नवख्या माणसाला वाटावं, सुरू झाली. रोजनिशीत ते लिहीत: 'फटफटी नादुरुस्त, तपास चालू.' ही ओळ त्यांनी सहा वर्षं लिहिली. हुकमाचा मान राहावा म्हणून रोज सकाळी सडकेवरचे दोन मजूर ती फटफटी ढकलत दुसऱ्या मैलाच्या दगडापर्यंत नेत. तिथल्या कडुलिंबाखाली ती उभी करून ते आपल्या खडीच्या कामाला जात, आणि साडू तिचा काही भाग उघडून तिच्याजवळ बसत. संध्याकाळी मजूरच तिला परत आणत.

या प्रकरणात कुठेतरी पाणी मुरतंय अशी शंका एकाच माणसाला होती. तो लतीफभाई, मोठ्या पाटलांच्या मोटारीचा ड्रायव्हर. एका रविवारी तो कुंपणापलीकडून बराच वेळ पाहत राहिला आणि मला हळूच म्हणाला, "मास्तर, गाडीकू कुछ नहीं हुआ. गाडी बिलकुल तंदुरुस्त हाय." मी साडूंकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. दोघांची नजरानजर झाली, लतीफभाई हसला आणि निघून गेला. त्यानं ही गोष्ट पुन्हा कुणाजवळ काढली नाही. उलट साडूंना नवीन नवीन बिघाड तोच सुचवायला लागला. साडूंच्या आयुष्यात ज्याला ते भीत नसत असा तो बहुधा एकटाच माणूस होता.

मोठे पाटील म्हणजे पातुरातलं बडं प्रस्थ. मोटार त्यांची, अकोल्याला उतारू नेणारी सर्व्हिसची मोटार त्यांची, आमच्या शाळेच्या कमिटीवरही तेच. त्यांचा एक पुतण्या होता. त्याला गाडी चालवायची भारी हौस, आणि ब्रेक कुठे असतो याची माहिती बेताची. एके दिवशी दुपारी तो भरधाव निघाला, लतीफभाईला शेजारी बसवून. दुसऱ्या मैलापाशी समोरून एक म्हातारा माळी वांग्यांची गाडी घेऊन येत होता. पुतण्यानं बैलगाडीला तिरपी धडक दिली. म्हातारा चाकाखाली सापडला. वांगी सडकभर सांडली. पुतण्यानं क्षणभर पाहिलं आणि उडी टाकून तुरीच्या वावरातून जो पळाला तो थेट घरी. लतीफभाईनं म्हाताऱ्याला उचललं. उचलताना त्याला आणखी दोन हात येऊन मिळाले. ते कडुलिंबामागून धावत आलेले आमचे साडू. लतीफभाई मोटार हाकत दवाखान्यात आला, आणि गावानं त्याला मोटार हाकताना पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हातारा गेला. लतीफभाईला पकडून अकोल्याला नेलं.

गाडी कोण चालवत होतं हे पातुरात कुणाला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि तोंडानं म्हणणं वेगळं. पारावर माणसं मोटारीचं नाव निघालं की पावसापाण्यावर बोलायला लागायची. मी स्वतः, मुलांना खरं बोलण्याचे धडे देणारा मास्तर, तिसरीच्या वर्गात 'सत्य' हा शब्द फळ्यावर लिहिताना खिडकीबाहेर कोण आहे ते पाहून घेत होतो. अशात लतीफभाईच्या वकिलानं साडूंच्या नावानं समन्स काढलं. ते घेऊन चपराशी आला तेव्हा साडू मोरीत जाऊन बसले, आणि सही अक्कांनी मोरीच्या दारातून कागद आत देऊन घेतली.

त्यानंतर ते जेवेनात. जेवले तर पचेना. दारावर टकटक झाली की आधी खुंटीला टांगलेल्या कोटामागे उभे राहत. आम्हाला हसू यायचं, पण हसवत नसे, कारण आता त्यांच्या भिण्याला खरंखुरं कारण मिळालं होतं. आणि मग एका सकाळी मोठे पाटील स्वतः आले. सोबत कोणी नाही, आवाज चढलेला नाही. बैठकीवर बसले, अक्कांच्या हातचा चहा पिऊन 'बेस झाला' म्हणाले, पोराबाळांची चौकशी केली. निघताना अंगणातल्या फटफटीवरून हात फिरवत म्हणाले, "ओव्हरसेरसाहेब, मंगळवारी म्हने तुमाले अकोल्याले जा लागते?"

"हाव, म्हणजे… कागद तर आला हाये," साडू म्हणाले.

"पन कसे जासान? आमच्या मोटारीत तं जागा नसते. अन् ही तुमची फटफटी कधी सुरू होत नाही." पाटील छान हसले. "नाई सुरू झाली तं कोनी तुमाले नाव ठेवनार नाही बरं. साऱ्या गावाले माहीत हाये."

ते गेल्यावर साडू ओट्यावर बसले. अक्का चहाची कपबशी उचलायला आल्या आणि त्यांनी ती विसळली नाही. पुन्हा घरात घ्यायची नाही म्हणून तुळशीजवळ नेऊन उपडी ठेवली. साडू मला म्हणाले, "मास्तर, पाटील काही खोटं नाही बोलले. गाडी सुरू होतच नाही." मी म्हटलं, "हो ना." ते मी किती चटकन म्हटलं, याची मला आजही लाज वाटते.

मंगळवारी मी रजा टाकून त्यांच्याबरोबर मोटारस्टँडवर गेलो. साडूंनी काळा कोट, पगडी आणि गळ्याला मफलर असा जामानिमा केला होता. खिशात नाव, गाव आणि 'काही बरंवाईट झाल्यास कळवावे' अशी चिठ्ठी होती. ती अकोल्याला जाताना नेहमीच असे. सर्व्हिसची मोटार उभी होती. आत चार माणसं आणि एक बकरी होती. कंडक्टर आमच्याकडे न पाहता म्हणाला, "जागा नाही." साडूंनी आत पाहिलं, मी आत पाहिलं. "जागा नाही म्हटलं ना साहेब. काहून आमच्या पोटावर उठता?" तो बिचाराही भ्यालेलाच होता. मोटार धूळ उडवत गेली, आणि साडूंनी हातातली वळकटी खाली ठेवून असा सुस्कारा सोडला की मला त्यांचा आणि माझा दोघांचाही हेवा वाटला. सुटलो होतो. दमणीनं वीस मैल दुपारपर्यंत होण्यासारखे नव्हते. कोर्टात पुकारा अकराला होता.

घरी आलो. अक्का दारात उभ्या होत्या. "नाही नेलं बुवा," साडू म्हणाले. अक्का बाजूला झाल्या, आणि त्यांच्यामागे ओसरीच्या कोपऱ्यात काळ्या बुरख्यातली एक बाई बसलेली दिसली. ती लतीफभाईची बायको होती. ती मागच्या दारानं आली होती. समोर पेट्रोलचा एक चेपलेला डबा होता. लतीफभाईनं घरी ठेवलेला. पातुरात पेट्रोल फक्त पाटलांच्या कोठारात मिळे, हे तिला ठाऊक होतं. डबा पुढे सरकवून ती एवढंच म्हणाली, "वो बोले थे, साहब आयेंगे."

साडूंनी पगडी काढून खुंटीला लावली, मफलर सोडला आणि गळ्यातल्या ताइताची गाठ सोडवायला लागले. बोटं इतकी कापत होती की शेवटी तो दोरा अक्कांनी तोडून दिला. पितळी डबीचं झाकण फिरलं. आतून राख नाही, मंत्राचा कागद नाही. बोटाच्या पेराएवढी एक काळी कांडी आणि केसासारखी बारीक स्प्रिंग बाहेर आली.

"मास्तर, हासू नका," साडू म्हणाले. "ही मॅग्नेटोतली कांडी. ही नसली तं ठिणगी पडत नाही. सहा वर्षं झाली, माह्या गळ्यात हाये. गाडी सुरू झाली असती तं तिच्यावर बसा लागलं असतं ना!"

मी अक्कांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर नवल म्हणून काही नव्हतं. त्या धोतर अंथरत होत्या.

साडूंनी कांडी बसवली, डोळे मिटले, रामाचं नाव घेतलं आणि किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. सहा वर्षं ज्या क्षणाची त्यांना भीती वाटत होती तो आला होता, आणि आता फटफटी खरोखरच सुरू होत नव्हती. एरवी रविवारी अंगणात उभं राहायला जागा नसे; त्या दिवशी आळीतली एकेक खिडकी बंद होती. पोस्टमास्तरांच्या दाराची फट किंचित उघडली आणि लगेच मिटली. कुणी सल्ला द्यायला आलं नाही. मला घाम फुटला होता, कारण सुरू झाली तर पाटील आहेत आणि नाही झाली तर ही ओसरीतली बाई आहे. खरं सांगतो, मनातल्या मनात मी 'नको' असंच म्हणत होतो.

पण साडूंकडे पाहिलं आणि मी चकित झालो. त्यांचे गुडघे कापत होते, ओठ कापत होते, पण हात स्थिर झाले होते. सहा वर्षं त्यांनी दुरुस्तीचं नाटक केलं होतं, आणि नाटक म्हणून का होईना, तो प्रत्येक स्क्रू त्यांनी तीनतीनशे वेळा उघडून लावला होता. त्या यंत्राची खडानखडा ओळख त्यांच्याएवढी खुद्द त्या गोऱ्या साहेबालाही नसेल. आधी त्यांनी टाकीचं झाकण काढून वास घेतला. जुनं पेट्रोल नासून वार्निशसारखं झालं होतं. ते ओतून दिलं, नवं भरलं. आणि उरलेला डबा मला तीस पावलं दूर नेऊन ठेवायला लावला, पावलं मोठ्यानं मोजत. मग कार्बुरेटर उघडला. पेट्रोल जाण्याचं बारीक छिद्र बुजलं होतं. अक्कांनी केरसुणीची काडी दिली, ती जाड पडली. मग साडूंनी दमणीच्या बैलाच्या शेपटीचा एक केस उपटून आणायला सांगितला. स्वतः गेले नाहीत. बैल लाथ मारतो. मी आणला. केस छिद्रातून आरपार गेला.

किक. एक खोकला नाही.

"ठिणगी पाहू," ते म्हणाले. प्लग काढून इंजिनाच्या अंगावर आडवा ठेवला. उन्हात ठिणगी दिसेना, म्हणून अक्कांनी वर घोंगडी धरली, आणि त्या अंधारात आम्ही दोघं साडू डोकं खुपसून बसलो. मी हातानं किक दाबली. अंधार तसाच राहिला. "मॅग्नेटोत दोन टिकल्या असतात मास्तर. त्याईची भेट झाली पाह्यजे, अन् वेळेवर ताटातूट झाली पाह्यजे. सहा वर्षांत भेटच नाही झाली, गंज चढला असन." त्यांनी काडेपेटीची खरखरीत कड फाडून त्या टिकल्या हलके हलके घासल्या, समन्सच्या कागदाची घडी मध्ये सरकवून अंतर पाहिलं. पुन्हा घोंगडी. मी किक दाबली, आणि त्या अंधारात निळी, टाचणीच्या डोक्याएवढी ठिणगी चट्‌ करून उडाली. साडू किंचाळले आणि घोंगडीसकट माझ्या अंगावर पडले. "हाये!" ते म्हणाले. "जित्ती हाये!"

प्लग बसवला, ठिणगीची वेळ ठरवणारा हँडलवरचा लहान दांडा मागे ओढला, किक मारली. फटफटीनं उलट लाथ मारली. साडू तुळशीवृंदावनामागे गेले, नडगी चोळत परत आले, दांडा आणखी थोडा मागे घेतला आणि रामरक्षा अर्धी सोडून पुन्हा किक मारली. धुराचा एक काळा लोट निघाला, आळीतली कुत्री बोंबलत सुटली, आणि फट-फट-फट-फट असा आवाज सहा वर्षांत पहिल्यांदा पातुरात घुमला. साडू दोन्ही हात कानांवर ठेवून उभे होते. "सुरू झाली व माय!" ते ओरडले. "आता काय करू?"

"बसा," अक्का म्हणाल्या.

मी मागच्या कॅरिअरवर उशी घेऊन बसलो आणि त्यांच्या कमरेला मिठी मारली. त्यांचं काळीज माझ्या हातांखाली उडत होतं. माझं त्यांच्या पाठीवर. निरोप झाल्यावर साहेबाचं निघणं चार दिवस लांबलं होतं, तेव्हा त्यानं शिकवली तेवढीच काय ती विद्या. पाटलांच्या वाड्यावरूनच सडक जाते. दारात दोन माणसं उभी होती. ती फटफटी पाहून बाजूला झाली की आडवी यायला निघाली, हे मला कळलं नाही, कारण मी डोळे मिटले होते. गाव मागे पडलं. आता थांबायची सोय नव्हती. थांबलो तर बंद पडेल, आणि बंद पडली तर संपलं. पहिला पूल आला. साडूंचं अंग लाकडासारखं ताठ झालं, पण फटफटी चालतच राहिली. पलीकडे गेल्यावर ते ओरडले, "मास्तर, पूल गेला काय?"

"गेला!"

"मांगं पाहा! हाये ना जागेवर?"

तिन्ही पुलांना मी मागे वळून पाहिलं आणि तिन्ही जागेवर असल्याची खात्री दिली. सातव्या-आठव्या मैलाला, चाक पंक्चर होऊन खोळंबलेली सर्व्हिसची मोटार गाठली. कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं, आम्हाला पाहिलं, आणि देव शपथ सांगतो, त्यानं नमस्कार केला. मोर्णा नदीपलीकडे अकोल्याची घरं दिसायला लागली तेव्हा साडूंचा आवाज बसला होता. रामरक्षा किती वेळा झाली याचा हिशेब नव्हता.

कोर्टात पाटील पहिल्या बाकावर बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला, पण ते हसू त्यांच्या मिशीच्या अलीकडेच थांबलं. आरोपीच्या जागी लतीफभाई उभा होता. साडूंच्या तोंडावरचा काळा धूर पाहून त्याचे डोळे भरून आले. साडू साक्षीला उभे राहिले ते कठड्याला दोन्ही हातांनी धरून. त्यांनी सांगितलं, गाडी पुतण्या चालवत होता, लतीफ शेजारी होता, पुतण्या तुरीतून पळाला. आवाज इतका लहान की मॅजिस्ट्रेटसाहेबांनी दोनदा मोठ्यानं बोलायला सांगितलं. मग पाटलांच्या बाजूचे वकील उठले.

"तुम्ही पालीला भिता, खरं?"

"हाव साहेब."

"स्वतः बांधलेल्या पुलाला भिता?"

"हाव साहेब."

कोर्टात खसखस पिकली. "मग एवढी मोटार अंगावर येताना तुम्ही झाडामागे लपून डोळे मिटून बसला असाल. तुम्ही काय पाहणार?"

साडूंनी मान वर केली. त्यांना त्या प्रश्नाचं खरोखरच नवल वाटलं होतं. "डोळे कसे मिटन साहेब? मोटारीचा आवाज आला तवाच मी झाडामांगं गेलो. पन कोन चालवून राह्यलं, कसं चालवून राह्यलं, कोन्या अंगानं येते, हे पाह्यल्याबिगर मी पळू कुठं? जो भेत नाही त्याचं चालते न पाहून. मले पाहाच लागते. मी त्या पोराच्या हातातली अंगठीसुद्धा पाह्यली. टोपी बी पाह्यली. थे उडाली अन् तुरीत पडली. थे अजून तिथंच असन. मले भेव वाटलं म्हणून मी उचलली नाही."

या वेळी कोणी हसलं नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी शिपाई धाडला. टोपी दोन दिवसांनी तुरीच्या ओळीत सापडली, आत पुतण्याचं नाव रेशमानं भरलेलं. लतीफभाई सुटला.

पाटलांनी पुढे कुणाकुणाला पत्रं लिहिली ते मला ठाऊक नाही. पण तीन महिन्यांच्या आत साडूंची बदली झाली ती थेट मेळघाटात, चिखलदऱ्याच्या घाटाच्या सडकेवर. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि जंगलात वाघ. भित्र्या माणसाला याहून नेमकी शिक्षा देणं कुणाला जमलं नसतं. फटफटी त्यांनी लतीफभाईला देऊन टाकली. त्यानं पाटलांची नोकरी सोडून अकोल्यात दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. माझंही पातूर सुटलं आणि अमरावतीच्या शाळेत रवानगी झाली. साडू चिखलदऱ्याला जेमतेम तीन वर्षं राहिले. वाघानं त्यांना खाल्लं नाही, दरीनं गिळलं नाही. एका पावसाळ्यात साध्या तापानं ते गेले. अक्का सांगत, त्या घाटाला एकेका वळणावर दगडी कठडा बांधल्याशिवाय त्यांना झोप येत नसे.

त्यांची माझी शेवटची भेट आदल्या दिवाळीतली. परत निघालो तेव्हा ते घाटमाथ्यापर्यंत सोडायला आले. मोटारीची चाकं त्यांनी काठीनं ठोकून पाहिली, ड्रायव्हरला ब्रेक दाबून दाखवायला लावला, माझ्या खिशात नावगावाची चिठ्ठी सरकवली. मोटार उतरायला लागली. पहिल्या वळणावरून वर पाहिलं, छत्री उघडून ते कठड्याशी उभे होते. दुसऱ्या वळणावरूनही दिसले, छत्री तेवढी लहान झालेली. तिसऱ्या वळणावर धुकं आलं आणि काही दिसेना. मी मान आत घेणार एवढ्यात वरून त्यांचा आवाज आला, लांबवर, पण स्पष्ट.

"हळू!"

ड्रायव्हर हसला. पण त्यानं गाडी हळू केली.